चिकटलेला बीड आणि गिळलेला बीड

मॅक्रोफेज (बाहेरचे कण गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) बीड्स, म्हणजे चमकणारे प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी, किती गिळतात हे तुम्ही मोजताय. तुमचे आकडे असे आहेत: ३७ अंशांवर ८२ टक्के मॅक्रोफेज पॉझिटिव्ह, म्हणजे बीडची चमक दाखवणारे, ४ अंशांच्या कंट्रोलमध्ये (थंडीत गिळणं थांबवून केलेल्या तुलनेत) ५५ टक्के, आणि दर आठवड्याला दोन्ही वेगळे. ८२ मधून ५५ वजा करून २७ टक्के लिहायचे का, असं तुम्ही विचारलंय. कृपया तसं करू नका. थंडीत पेशीला नुसते चिकटून राहिलेले बीड्स ३७ अंशांवर आत ओढले जातात. त्यामुळे वजाबाकीत तुम्ही खरी गिळलेली संख्याच कापून टाकता.

मुळात फ्लो सायटोमीटरला (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राला) आत-बाहेर कळत नाही, त्याला फक्त उजेड दिसतो. हा फरक प्रयोगातच करावा लागतो. तुमचे बीड्स आयजीजी (एक प्रकारची अँटीबॉडी) लावलेले आहेत, म्हणजे सोपा मार्ग हाताशी आहे. वेळ संपली की प्लेट बर्फावर ठेवा आणि पेशींच्या पडद्याला छिद्रं न पाडता दुसऱ्या रंगाची अँटी-आयजीजी (आयजीजीला चिकटणारी अँटीबॉडी) घाला. ती पेशीत शिरू शकत नाही, म्हणून बाहेरचे बीड्स दोन रंगांचे होतात आणि आतले एकाच रंगाचे राहतात. मात्र एकाच पेशीत काही बीड्स आत आणि काही बाहेर असतील, तर फ्लोमध्ये तीही दुरंगी दिसेल. म्हणून थोड्या पेशी काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बीड्स मोजाच.

ट्रिपॅन ब्लूने बाहेरची चमक विझवायची पद्धत एफआयटीसी (एक हिरवा चमकणारा रंग) लावलेल्या जिवाणूंवर किंवा झायमोसानवर (यीस्टच्या भिंतीच्या कणांवर) चांगली चालते. तुमच्या बीड्समध्ये रंग पॉलिस्टायरीनच्या आत मुरलेला आहे. तिथे ट्रिपॅन ब्लू पोचतच नाही. शिवाय फॅगोसोम (गिळलेला कण ठेवणारी पेशीतली पिशवी) आम्ल झाला की एफआयटीसी स्वतःच मंदावतो. पीएचरोडो हा रंग याच्या उलट, आम्लात उजळतो, म्हणून मला तो आवडतो. पण बॅफिलोमायसिन किंवा क्लोरोक्विन (फॅगोसोम आम्ल होऊ न देणारी औषधं) वापरत असाल तर सावध राहा: कण गिळला जाईल, चमक मात्र येणार नाही.

आता तो ५५ टक्क्यांचा कंट्रोल. इन्क्युबेटरमधली प्लेट तशीच फ्रिजमध्ये गेली का? प्लॅस्टिक आणि माध्यम थंड व्हायला वेळ लागतो आणि मॅक्रोफेज काही मिनिटांतच गिळायला लागतात. प्लेट आधी २० मिनिटं बर्फाच्या चिखलात बुडवा, बीड्सही थंड करून घ्या, मगच एकत्र करा. सोबत सायटोकॅलेसिन डी चा कंट्रोल हवाच. ते अ‍ॅक्टिनची (कण आत ओढायला लागणाऱ्या पेशीतल्या तंतूंची) बांधणी थांबवतं, त्यामुळे चिकटणं बरंचसं राहतं आणि गिळणं बंद पडतं. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात, म्हणून नुसत्या डीएमएसओची एक वेलही (प्लेटमधला एक खळगा) ठेवा.

आठवड्यागणिक होणाऱ्या फरकात माझा पहिला संशय बीड्सवर आहे. बाटली उभी राहिली की बीड्स तळाशी बसतात, गुठळ्या होतात. मग एक पेशी पाच बीड्सची गुठळी एका घासात घेते आणि आपण तिला भुकेली समजतो. वापरण्याआधी सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडा) आणि एक थेंब काचेवर पाहा: बीड्स सुटे, एकेकटे दिसले पाहिजेत. साठ्यात बहुधा सोडियम अझाइड असतं, ते पेशींना मारक आहे. बीड्स धुतल्याशिवाय घालू नका. पेशीमागे बीड्स किती, तेही दर वेळी मोजून ठरवा. फार घातले तर सगळ्याच पेशी पॉझिटिव्ह होतात आणि एखादं औषध तपासत असाल तर त्याचा परिणाम दिसेनासा होतो. ताजा सिरम आणि ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला सिरम यांची अदलाबदल झाली तरी निकाल फिरतो, कारण तापवल्यावर कॉम्प्लिमेंट (कणांवर बसून गिळणं सोपं करणारी सिरममधली प्रथिनं) निकामी होतं.

मेलेल्या पेशी आणि जोडपेशी (एकमेकींना चिकटलेल्या पेशी) गेटिंगमध्ये, म्हणजे फ्लोच्या आकड्यांतून हव्या त्या पेशी निवडताना, काढा. नुसत्या टक्क्यांवर थांबू नका, पॉझिटिव्ह पेशींची सरासरी चमकही द्या: एक बीड घेणारी आणि दहा घेणारी पेशी टक्क्यांत सारखीच मोजली जाते. आणि एकाच दात्याच्या तीन वेल्स म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, नमुना एकच.

पुढच्या वेळी ० , १०, ३० आणि ६० मिनिटं अशा वेळा घ्या. ० मिनिटांचा हिस्टोग्राम (किती चमकेच्या किती पेशी, हे दाखवणारा आलेख) आणि सायटोकॅलेसिनचा हिस्टोग्राम शेजारी ठेवून इथे टाका, मी पाहतो.