‘स्थिर खर्च’ नेमका कशाच्या संदर्भात स्थिर?

प्रश्न असा आहे: “‘जास्तीत जास्त नफ्यासाठी उत्पादन ठरवताना स्थिर खर्चाकडे दुर्लक्ष करावे’ असं पुस्तकात वाचलं. गाळ्याचं भाडं काय फुकट असतं? की भाषांतर चुकलंय?”

भाषांतर चुकलेलं नाही, पण ‘दुर्लक्ष’ या शब्दाने घात केलाय. ‘हिशेबात धरू नये’ म्हटलं असतं तर पुरलं असतं. तेही एकाच प्रश्नापुरतं: माल किती काढायचा?

‘स्थिर’ म्हणजे कधीच न बदलणारा, असं आपण धरून चालतो. हा खर्च मात्र काळाच्या नव्हे, मालाच्या हिशेबाने स्थिर असतो: माल कमी काढा की जास्त, तो तेवढाच. महावितरणच्या घरगुती बिलात ‘स्थिर आकार’ आणि ‘वीज आकार’ अशा वेगळ्या ओळी असतात. (हा ‘आकार’ आकारणीतला, गोल-चौकोनी नव्हे.) दरवाढीत स्थिर आकारही वाढतो, तरी नाव खोटं ठरत नाही, महिनाभर दिवा लावला नाही तरी तो भरावाच लागतो.

आता चकलीचा एक कल्पित कारखाना घेऊ. गाळ्याचं भाडं महिना 24,000 रुपये. दुकानदार किलोला 320 देतात. पहिल्या 200 किलोंना भाजणी, तेल, गॅस, मजुरी धरून किलोमागे 210 लागतात. पुढच्या 100 किलोंना जादा पाळीमुळे 250, त्यापुढच्या 100 ना 340, कारण कढई भाड्याने आणावी लागते आणि घाईत तुकडाही जास्त पडतो. 200 किलोंवर 2,000 तोटा, 300 वर 5,000 नफा, 400 वर 3,000. भाडं 6,000 ने वाढलं तर हेच आकडे 8,000 तोटा, 1,000 तोटा, 3,000 तोटा असे होतात. तिन्ही सारखेच घसरले, 300 चं पहिलं स्थान कायम. गणिताच्या भाषेत, स्थिरांकाचं विकलज (बदलाचा दर) शून्य.

नेहमीची चूक म्हणजे भाडं किलोवर वाटणं. 200 किलोंवर 24,000 वाटले की किलोमागे 120. मग 250 चा वाढीव माल 370 ला पडल्यासारखा दिसतो आणि 320 ची ऑर्डर परत जाते. प्रत्यक्षात त्या प्रत्येक किलोने 70 रुपये आणले असते. माल कमी केला तर वाटणी आणखी फुगते: 100 किलोंवर 240.

पुस्तकातला ‘सीमांत खर्च’ या वाढीव किलोचा. कारखान्यात ‘वाढीव खर्च’ म्हटलं तर चटकन कळतं.

व्यापाऱ्यांची बोली इथे पुस्तकापेक्षा नेमकी आहे. ‘भाडं सुटतं का?’ हा प्रश्न किती किलोचा नाही, धंदा चालवायचा की नाही याचा आहे. वाढलेल्या भाड्यात 300 किलोंवर 1,000 तोटा होतो, पण करार चालू असताना चुली बंद ठेवल्या तर पूर्ण 30,000 अंगावर येतात. करार संपला की पारडं फिरतं. नव्या करारावर सही करण्याआधी भाडं धरायलाच हवं.

आणि ‘स्थिर’ म्हणजे ‘बुडीत’ (एकदा गेला की परत न येणारा) नव्हे. परत मिळणारी अनामत बुडीत नसते. न परतणारी पागडी असते.