साठला थरथर, ऐंशीला शांत

प्रश्न : वडिलांची १९८४ची पद्मिनी आहे. गावात काही तक्रार नाही, पण हायवेला लागून शिरोलीच्या पुढं काटा साठवर गेला की स्टेअरिंग डावी-उजवीकडं थरथरतं. ऐंशी केली की थांबतं. अलाइनमेंट दोनदा झालं, बॅलन्सिंग झालं, टायरॉड एंड नवे घातले. आता गॅरेजवाले स्टेअरिंग बॉक्स बदला म्हणतायत. बदलू का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : नको. पैसे खिशात ठेवा. ‘ऐंशीला थांबतं’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या लेखी सगळ्या पत्रात तेच कामाचं वाक्य. बॉक्स ढिला असता तर गाडी सरळ रस्त्यावरही भरकटली असती, स्टेअरिंग सारखं सांभाळत बसावं लागलं असतं. ठरावीक वेगाला येऊन पुढं निघून जाणारी थरथर बहुतेक वेळा चाकाची असते.

हिशेब करून बघा. या गाडीचं चाक एका फेऱ्यात १.९ मीटरच्या आसपास जातं. म्हणजे ताशी ६०ला सेकंदाला नऊएक फेरे. चाक एका बाजूला जड किंवा फुगलेलं असलं तर तेवढेच हिसके. पुढच्या भागाचा आपला एक झोका असतो. हिसके त्याच्या तालावर पडले की थरथर वाढते, वेग वाढला की ताल चुकतो. अलाइनमेंटचा इथं संबंध नाही. ते बिघडलं तर गाडी एका अंगाला ओढते आणि टायर खाते.

आधी चारी चाकं उतरवून डिस्कची, म्हणजे टायर बसतं त्या लोखंडी चाकाची, आतली बाजू धुवा. हसू नका. उद्यमनगरात मी पस्तीस वर्षं हेच काम करतोय, तरी एका गिऱ्हाइकाचे किंगपिन (पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती), बुश सगळं बदलून बसलो होतो. शेवटी डिस्कच्या आत उसाच्या फडातल्या काळ्या मातीचा वाळून दगड झालेला लपका निघाला. पान्यानं खरवडला, गाडी गप्प. त्याचे पैसे परत केले, काय करणार.

मग पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली घोडा (लोखंडी टेकू) लावा. टायरसमोर विटेवर खडू टेकवून धरा, नखभर अंतर ठेवा आणि चाक हातानं सावकाश फिरवा. टायर गोल असेल तर खडू कुठंच लागणार नाही, किंवा लागलाच तर सगळीकडं सारखा लागेल. एकाच ठिकाणी पांढरा पट्टा उठला तर तिथं टायरला पोट आलंय. बॅलन्सिंगच्या मशीनवर वजनं लावून असं टायर ‘ओके’ दाखवतं, पण गोल होत नाही. तसाच खडू डिस्कच्या कडेला धरा, वाकडी डिस्कही कळेल. वडिलांची गाडी म्हणजे फिरण्यापेक्षा उभीच जास्त असणार. टायरच्या बाजूवर अंडाकृती चौकटीत चार आकडे बघा : १४०९ म्हणजे २००९चा चौदावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसू दे, असलं टायर काढाच.

खात्रीसाठी पुढची चाकं मागं टाकून त्याच रस्त्यावर फिरून या. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली गेली, तर चोर त्या दोन चाकांत आहे.

एवढं करूनही राहिली तर चाक वर-खाली धरून हलवा. खटखट लागली तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. दाबल्यावर खटखट गेली तर बेअरिंग ढिलं. राहिली तर किंगपिन.

प्रश्न : माझी अँबॅसिडर फक्त ब्रेक लावला की हादरते.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : ब्रेकचा ड्रम अंडाकृती झालाय. पुढचा की मागचा ते बघायला मोकळ्या रस्त्यावर तीसच्या वेगात हँडब्रेक हळूहळू ओढा, बटण दाबूनच ठेवा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. तेव्हाही हादरली तर मागचा. लेथवर ड्रम कापून घ्या, पण आधी जाडी मोजायला लावा, चार वेळा कापलेला ड्रम पातळ होऊन तापला की परत वाकतो. आणि पावसाळाभर गाडी उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा.