कान तापतो, डोकं ठणकतं : दोष मोबाइलचा की…?

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझी नोकरी ग्राहकांशी फोनवर बोलण्याची आहे. दिवसाचे तीन-चार तास मोबाइल उजव्या कानाला असतो. हात कीबोर्डवर लागतात म्हणून तो मान वाकडी करून खांद्याने दाबून धरते. गेले काही महिने संध्याकाळपर्यंत उजवा कान तापतो आणि मानेपासून कपाळापर्यंत उजवी बाजू ठणकते. रोज एक वेदनाशामक गोळी घेतली की कसंबसं निभतं. ऑफिसात सगळे म्हणतात, रेडिएशनने मेंदूत गाठ होते. फोनला रेडिएशन शोषून घेणारं स्टिकरही लावलंय. एमआरआय करून घेऊ का? आणि माझा 14 वर्षांचा मुलगा फोन उशीखाली घेऊन झोपतो, त्याचं काय?
— एक धास्तावलेली वाचक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकली ती रोजची गोळी. तिच्याकडे येतोच, पण आधी तुमची धास्ती.

मोबाइलमधून रेडिओलहरी निघतात. क्ष-किरणांप्रमाणे डीएनएचे बंध तोडण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते. त्या ऊती किंचित तापवतात, पण मेंदूचं तापमान त्याने जेमतेम अंशाच्या दहाव्या भागाइतकं वाढतं. साध्या तापात ते याच्या कितीतरी पट चढतं. तुमचा कान तापतो तो मुख्यतः फोनच्या बॅटरीमुळे आणि आतल्या सर्किटमुळे. शिवाय कानावर काहीही तासन्‌तास दाबून धरलं की तिथली ऊब बाहेर पडायला वाव राहत नाही.

मग कर्करोगाचा बोभाटा कुठून आला? 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी ‘2ब’, म्हणजे ‘कर्करोगकारक असू शकतील’, या गटात टाकल्या. त्यामागे इंटरफोन या 13 देशांतल्या अभ्यासाचा मोठा हात होता. आयुष्यात 1,640 तासांहून अधिक बोललेल्यांमध्ये ग्लायोमा या गाठीचा धोका 40 टक्के जास्त दिसला. बातमी तेवढीच पसरली. त्याच अभ्यासात, फोन नियमित वापरणाऱ्यांना एकंदरीत न वापरणाऱ्यांपेक्षा धोका *कमी* दिसला होता! फोनने गाठ टळते असं तर कुणीच म्हणणार नाही. गडबड पद्धतीत होती. गाठ झालेल्या माणसाला विचारायचं, ‘दहा वर्षांपूर्वी रोज किती बोलायचात?’ काहींनी तर अशक्य वाटावेत इतके तास सांगितले. आजाराचं कारण शोधणारा माणूस स्वतःच्या आठवणी ताणतोच. माझ्यासमोर बसलेले रुग्णही ताणतात.

म्हणून आधी विचारून मग वर्षानुवर्षं वाट पाहणारे अभ्यास मला अधिक भरवशाचे वाटतात. ब्रिटनमध्ये पावणेआठ लाखांहून अधिक स्त्रियांचा असा मागोवा घेतला गेला. 2022 मध्ये निष्कर्ष आले : मोबाइल वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठी जास्त नाहीत. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या 63 अभ्यासांच्या आढाव्यातही संबंध आढळला नाही.

मेंदूला या लहरींचा पत्ताच लागत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. 2011 च्या एका अमेरिकन प्रयोगात 50 मिनिटांच्या कॉलनंतर अँटेनाजवळच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे 7 टक्क्यांनी वाढला होता. पण ग्लुकोज जास्त वापरलं गेलं याचा अर्थ इजा झाली असा होत नाही.

स्टिकर आजच काढा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा वस्तूंबद्दल ग्राहकांना सावध केलं आहे. सिग्नलला अडथळा आला की टॉवर गाठायला फोन उलट जास्त जोर लावतो. तळघरात एक कांडी दिसते तेव्हाही तेच होतं.

आता गोळी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांवर घेत राहिलं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. मूळ दुखणं मला मानेचं वाटतं : खांद्या-कानाच्या चिमटीत फोन धरून तीन-चार तास, कुठली मान तक्रार करणार नाही? माइक असलेला हेडसेट घ्या. मान सरळ राहील आणि फोनही डोक्यापासून लांब जाईल. गोळी तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. सुरुवातीचे काही दिवस डोकं जास्त दुखेल, तेव्हा घाबरून पुन्हा डबीकडे वळू नका.

पत्रावरून तरी एमआरआयची घाई दिसत नाही. पण डॉक्टरांनी एकदा प्रत्यक्ष तपासायला हवं. पहाटे उलटीसह डोकं दुखू लागलं, झटका आला, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली किंवा दोन-दोन दिसू लागलं, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मुलाचं म्हणाल, तर 10 ते 24 वयोगटाचा ‘मोबी-किड्स’ हा अभ्यास 14 देशांत झाला. त्यातही मोबाइल आणि मेंदूच्या गाठी यांचा संबंध दिसला नाही. मला काळजी त्याच्या झोपेची आणि त्या उशीची वाटते. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली तापून पेट घेऊ शकतो. रात्री फोन खोलीबाहेर ठेवा. ‘मग अलार्म कसा लावू?’ असं तो विचारेलच. गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा.