लढाई चालू असताना स्टेटस ठेवलं तर गुन्हा होतो का?

प्रश्न : वकीलसाहेब, मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू असताना मी व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं होतं, ‘लढाईचा खर्च कोण भरणार? आधी सोयाबीनला भाव द्या.’ गावातल्या एकाने त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवला. आता शाळा समितीच्या निवडीवरून आमचं वाजलं, तर म्हणतो, ‘लढाईत बोलायचा हक्कच नसतो. देशद्रोहात घालतो.’ असं होऊ शकतं का?
– एक शिक्षक, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर : गुरुजी, त्या गृहस्थाला एकच विचारा, आणीबाणी कधी लागली होती? युद्धाच्या कारणावरून राष्ट्रपतींनी राज्यघटनेच्या कलम 352 खाली आणीबाणी जाहीर केली, तरच कलम 358 मुळे बोलण्याचं स्वातंत्र्य देणाऱ्या कलम 19 चं संरक्षण निघून जातं. 1962 साली तसं झालं. चीनशी लढाई महिनाभरात थांबली, आणीबाणी मात्र जानेवारी 1968 पर्यंत उठली नाही! 1971 लाही लागली. कारगिलच्या वेळी नाही, 2025 मध्येही नाही.

राहिला देशद्रोह. जुन्या दंड संहितेचं 124-अ गेलं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 152 आहे. शिक्षा जबर आहे, जन्मठेपेपर्यंत. पण त्याला सशस्त्र बंडाची, फुटीरपणाची चिथावणी लागते. सरकारच्या कारभारावर नापसंती दाखवून कायदेशीर मार्गाने बदल मागणं हा गुन्हा नाही, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय. सोयाबीनच्या भावाने कोणती अखंडता धोक्यात येते, मला तरी उमगत नाही. कोल्हापूरच्या एका प्राध्यापकांनी 370 हटवल्याचा निषेध आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, दोन्ही स्टेटसला ठेवले होते. मार्च 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला.

निजामाच्या राज्यात गश्ती निशान 53 या सरकारी फर्मानामुळे सभेलाही आधी परवानगी लागायची, म्हणून हैदराबादची राजकीय परिषद 1931 साली हद्दीबाहेर, अकोल्यात भरवावी लागली. तो कारभार 1948 ला संपला, हे काहींच्या कानावर अजून आलेलं दिसत नाही.

खरं अडकतात ते वेगळ्या गोष्टीत. पूर्णा जंक्शनवर लष्कराची गाडी थांबली आणि पोरांनी रील टाकली, हे चालत नाही. सैन्याच्या हालचालीचं थेट चित्रण करू नका, असं संरक्षण मंत्रालयाने 9 मे 2025 ला माध्यमांबरोबर सामान्य माणसांनाही बजावलं होतं. खोटी अफवा पसरवली तर न्याय संहितेचं कलम 353, तीन वर्षांपर्यंत कैद.

तुम्हाला मात्र पोलिसांपेक्षा पंचायत समितीची काळजी जास्त घ्यायला हवी. जिल्हा परिषद सेवेचे 1967 चे वर्तणूक नियम कर्मचाऱ्याला सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू देत नाहीत. तुमचा विरोधक थोडा हुशार असेल तर ठाण्यात न जाता गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज देईल. कारणे दाखवा नोटीस आलीच तर तोंडी खुलासा करत बसू नका, मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या.

जमादारांनी फोन करून बोलावलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 35(3) ची, हजर राहण्याची लेखी नोटीस मागा. बोलण्या-लिहिण्याच्या, तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी प्राथमिक चौकशी करावी, असं सुप्रीम कोर्टाने मार्च 2025 मध्ये सांगितलंय. ती 14 दिवसांत संपवायची असते.

समितीच्या निवडीचा ठराव आणि त्या सभेचं हजेरीपत्रक पाठवा. मूळ भांडण तिथंच आहे.