बाबांना इन्सुलिन सुरू करायचंय, घरच्यांनी काय सांभाळावं?

ताई, तीन गोळ्या चालू असूनही बाबांची एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) दहाच्या वर गेली, म्हणून डॉक्टरांनी रात्रीचं एक इन्सुलिन लिहून दिलंय. बाबांचं म्हणणं, "एकदा सुई लागली की सुटत नाही." आई रडतेय आणि तुम्हाला झोपेत साखर उतरायची धास्ती आहे. मी डॉक्टर नाही, पण आधी सासूबाईंचं आणि आता नवऱ्याचं इन्सुलिन घरी सांभाळतेय, त्यावरून लिहिते. डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा.

इन्सुलिनचं व्यसन लागत नाही. आपलं शरीर तेच बनवत असतं. टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडातल्या ते बनवणाऱ्या पेशी वर्षागणिक कमी पडत जातात, पथ्य नीट पाळणाऱ्यांच्याही. त्यामुळे बाबांचं काही चुकलं म्हणून ही वेळ आली, असं घरात कुणी बोलू नका. साखर आटोक्यात आल्यावर काहींचं इन्सुलिन कमी होतं, बंदही होतं. काहींना कायम लागतं. म्हणून "थोडेच दिवस घ्या" असं खोटं आश्वासन देऊ नका. "इन्सुलिन घेतलं आणि डोळे गेले" हे तुम्हीही ऐकलं असेल. बऱ्याचदा डोळ्यांचं नुकसान आधीच्या वर्षांत झालेलं असतं, इन्सुलिन उशिरा येतं आणि दोष त्याच्या माथी बसतो.

सुईची भीती पहिल्याच दिवशी निम्मी होते. इन्सुलिन टोचायच्या पेनची सुई जेमतेम ४ मिलिमीटरची असते, त्यापेक्षा साखर तपासायला बोट टोचतो ते जास्त दुखतं. नवी सुई लावून आधी २ युनिट (इन्सुलिनचं माप) हवेत सोडून बघा, टोकावर थेंब दिसला पाहिजे. मग डोस लावायचा, पोटावर सरळ टोचायचं, बटण पूर्ण दाबून दहापर्यंत मोजायचं आणि मगच सुई काढायची. जागा रोज बदला. सासूबाई बेंबीशेजारी एकाच जागी टोचायच्या, कारण तिथं दुखायचं नाही. हात फिरवला तर मऊ गाठ लागायची. अशा गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही, आणि साखर कारण नसताना वरखाली होते. गाठ सोडून दुसरीकडे टोचायला लागलं की तोच डोस जास्त पडू शकतो, तेव्हा डॉक्टरांना आधी विचारा.

पेनऐवजी बाटली आणि सिरिंज असेल तर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा: ४० ला ४०, १०० ला १००. ही अदलाबदल झाली तर डोस अडीच पट होऊ शकतो. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरला चिकटून नको. गोठलं तर टाकूनच द्या. वापरातलं पेन उन्हापासून लांब, थंडाव्याच्या जागी साधारण चार आठवडे चालतं. नेमके दिवस पत्रकात बघा आणि सुरू केल्याची तारीख पेनवर लिहा.

आता तुमची खरी काळजी. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक. वयस्कर माणसं कधी नुसती चिडचिडी होतात किंवा गप्प बसतात. अशा वेळी वाद घालू नका, आधी साखर तपासा. तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. आणि बाबांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे का बघा. असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं. डबा उशाशी ठेवा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. डोस बदलला की काही दिवस झोपताना आणि एखाद्या पहाटे तीनला तपासा. सकाळी डोकं दुखणं, रात्री कपडे घामाने भिजणं हेही डॉक्टरांना सांगा.

आईंशी मात्र तुम्ही निवांत बोला. "किती आली?" हा दिवसाचा पहिला प्रश्न झाला आणि ताटाकडे सगळ्यांचे डोळे लागले की माणूस लपवायला लागतो. चोरून खातो, मशीनचा आकडा खोटा सांगतो आणि डॉक्टर त्या खोट्या आकड्यावर डोस ठरवतात. उतरलेली साखर अशाच घरात जास्त धोक्याची ठरते. आकडा जास्त आला तर "आज असं का झालं असेल?" एवढंच विचारा. बाबांची नजर आणि हात ठीक असतील तर पेन त्यांच्याच हातात द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.

पुढच्या भेटीत एक गोष्ट डॉक्टरांकडून लिहूनच घ्या: ताप आला, उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही तर रात्रीच्या इन्सुलिनचं काय करायचं, कुठली गोळी थांबवायची आणि किती आकड्यावर फोन करायचा. आजारपणात न जेवताही साखर चढते, म्हणून आपल्या मनाने इन्सुलिन बंद करू नका. तो कागद फ्रिजच्या दारावर लावा, म्हणजे तुम्ही घरी नसाल तेव्हा आईंना सापडेल.