माइनक्राफ्टमधली मानस आणि पोटापाण्याचा प्रश्न

गोव्यातल्या चोडणहून एका आईने विचारलंय : मुलगी बारावी कला शाखेत आहे. खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीच्या, बांधाला भगदाड पडल्यापासून गावच्या संस्थेसाठी रील करते, माइनक्राफ्ट या ठोकळे रचायच्या संगणकी खेळात मानस, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं बांधातलं दार, बांधते. ‘समाजकार्यात हेच करणार’ म्हणते. यात नोकरी आहे, की नुसता मोबाइलचा नाद?

ताई, नाद आहेच, पण कामाचा आहे. मात्र आभासी जगात घरं बांधायला संस्था कुणाला पगार देत नाहीत. जाहिरात निघते ती संपर्क अधिकारी किंवा कार्यक्रम सहायक अशा नावाने. आणि लहान संस्थेत तोच माणूस पावत्या फाडतो, फोटो काढतो, पंचायतीला निवेदनही लिहितो. म्हणून मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत स्वच्छ लिहिणं आधी, बाकी मागाहून.

संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट ही शहरं-वस्त्यांसाठीची संस्था 2012 पासून माइनक्राफ्ट वापरून रहिवाशांकडून मैदानं, चौक आखून घेते. नकाशा वाचता न येणारा माणूसही पडद्यावर बोट ठेवून ‘इथे दिवा हवा’ सांगतो, हा त्यातला खरा फायदा. सेकंड लाइफ हे आभासी जग 2003 साली सुरू झालं. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिथे 2005 पासून निधीसाठी वार्षिक पदयात्रा भरवली. तारीख ठरलेली, गट ठरलेले, म्हणून लोक जमले. नुसती इमारत बांधून ठेवली की ती ओस पडते.

आता तिची मानस. एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरला तर दाराच्या फळ्या दिसतच नाहीत. एका मीटरला चार ठोकळे धरायला सांगा. ओहोटीला टेप घेऊन जायचं, दाराची रुंदी, उंची आणि बांधाचा माथा वहीत लिहायचा. दुसरी अडचण पाण्याची : माइनक्राफ्टमध्ये पाणी उगमापासून सपाटीवर सातच ठोकळे पसरतं, भरती-ओहोटी होत नाही. म्हणून दोन प्रती कराव्या, भरतीला बंद दाराची आणि ओहोटीला उघड्या दाराची. दोन्ही पाठोपाठ दाखवल्या की दार पाण्याच्या दाबानेच मिटतं नि उघडतं, हे शेती न पाहिलेल्यालाही कळतं.

रील चाळीस सेकंदांची, उभी. पहिल्या तीन सेकंदांत भगदाड, शेवटी ग्रामसभेची तारीख, वेळ, जागा. आवाज बंद ठेवून पाहणारे पुष्कळ, त्यामुळे अक्षरं हवीतच. लाइक मोजू नयेत; सभेच्या दारात ‘कुठून कळलं?’ विचारून वहीत रेघा माराव्यात. नोकरीच्या मुलाखतीत ती वही दाखवता येते. अठरा वर्षांखालच्या मुलांचे चेहरे पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत.

पैशांबाबत मात्र कडक राहा. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच, मुलीच्या कधीच नाही. परदेशातला नातेवाईक भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. तोच पोर्तुगीज पासपोर्टवर असेल तर ठरते, आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना घेणं गुन्हा. गोव्यात नेमकी इथेच चूक होते.

आणि मूळ फाइल घरच्या डिस्कवर. मायक्रोसॉफ्टचं अल्टस्पेस हे आभासी जग मार्च 2023 मध्ये बंद पडलं, मोझिलाने हब्ज या तशाच जगाची सेवा मे 2024 अखेर बंद केली. तिथे ज्यांनी सगळं ठेवलं होतं त्यांना धावपळ करावी लागली.

शिक्षण? चित्राची ओढ असेल तर पणजीत आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात उपयोजित कला. माणसांत रमत असेल तर समाजकार्याची पदवी. पुढे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत एम. ए. करायचं तर कुठल्याही शाखेची पदवी चालते, प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. यातलं काय, ते बारावीच्या सुट्टीत ठरवा. एक मानस नि एक ग्रामसभा होऊ द्या. टेप घेऊन चिखलात उतरायला तिला आवडतं की पडद्यापाशी बसायला, ते तुम्हालाच दिसेल.