बाबांच्या लिव्हरमधली गाठ: स्टेज नंतर विचारा, आधी लिव्हर कसं आहे ते बघा

तुम्ही गुहागरहून लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: बाबा ६३ वर्षांचे, बरीच वर्षं डायबिटीस, दारूचा थेंब नाही. चिपळूणला सोनोग्राफी केली तर उजव्या बाजूला ४.२ सेंटिमीटरची गाठ दिसली आणि लिव्हरचा पृष्ठभाग खडबडीत आहे म्हणाले. एक डॉक्टर सुईने तुकडा काढू म्हणतात, शेजारी सुई लावू देत नाहीत. आणि तुमचा प्रश्न, कितवी स्टेज असेल?

मी डॉक्टर नाही. देवगडजवळच्या गावातला माणूस. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, लिव्हरचा कॅन्सर होता, ज्याचा बाबांच्या बाबतीत संशय आहे, आणि मला स्वतःला हिपॅटायटिस बी आहे, त्यामुळे हे सगळं जवळून बघितलंय. दादाच्या वेळी मीही पहिल्या दिवशी स्टेजच विचारली होती. या कॅन्सरचं वेगळेपण असं की पेशंटला एकाच वेळी दोन दुखणी असतात: गाठ, आणि जिच्यात ती उगवली ते आधीच खराब झालेलं लिव्हर. ऑपरेशन झेपेल की नाही, कुठलं औषध चालेल, हे बऱ्याचदा दुसरं दुखणं ठरवतं. म्हणून रक्ततपासणीतले बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि प्लेटलेट हे चार आकडे आधी हातात घ्या. पोटात पाणी आहे का, प्लीहा वाढलीय का, बाबा मध्येच असंबद्ध बोलतात का, दिवसा झोपून रात्री जागतात का, हेही डॉक्टरांना सांगा. प्लेटलेट लाखाच्या खाली आणि प्लीहा मोठी असेल तर लिव्हरच्या शिरेतला दाब वाढलेला असण्याची शक्यता मोठी. मग गाठ लहान असूनही सर्जन कापायला कचरतात.

आता सुईचं. आमच्या काकीनेही दादाच्या वेळी हेच सांगितलं होतं, "सुई टोचू नको हां, पसारतला," म्हणजे पसरेल. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. सुईच्या वाटेवर पेशी सांडू शकतात, पण शंभरात दोन-तीन जणांच्या बाबतीत. खरा मुद्दा निराळा आहे. ज्यांना सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक झालंय, किंवा जुना हिपॅटायटिस बी आहे, त्यांच्यात एक सेंटिमीटरच्या वरची गाठ बहुतेक वेळा नुसत्या सीटी किंवा एमआरआयवर पक्की ओळखता येते, तुकडा लागतच नाही.

ते कसं, हे तुम्हा आगरवाल्यांना सांगणं सोपं आहे. निरोगी लिव्हर पाटाच्या पाण्यावर जगतं. त्याचं पाऊण रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येतं. ही गाठ मात्र धमनीवर स्वतःचा पंप बसवून घेते. सीटीच्या वेळी हाताच्या शिरेतून डाय, म्हणजे फोटोत उजळ दिसणारं औषध, सोडला की तो आधी पंपातून पोचतो, म्हणून गाठ आधी उजळते. मिनिटाभराने पाटाला पाणी येतं, सगळं लिव्हर उजळतं आणि गाठ काळी पडते. हे उजळणं आणि काळं पडणं पकडायचं तर ठरावीक सेकंदांनी पुन्हापुन्हा फोटो घ्यावे लागतात. त्याला ट्रायफेजिक सीटी म्हणतात. चिठ्ठीवर हा शब्द लिहून घ्या. आम्ही एका सेंटरवरून नुसता 'पोटाचा सीटी' करून आणला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी तो बघून बाजूला ठेवला, पैसे आणि पंधरा दिवस दोन्ही गेले. डाय देण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करतात, आणि डायबिटीसच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते आठवणीने सांगा.

बाबांना सिरॉसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी यातलं काहीच नसलं, तर हा नियम लागू होत नाही. फॅटी लिव्हरमध्ये सिरॉसिस न होताही ही गाठ होऊ शकते, आणि दुसरीकडच्या कॅन्सरची गाठही लिव्हरमध्येच येऊन बसते. तेव्हा तुकडा लागला तर घाबरून नाही म्हणू नका. फक्त सीटीच्या आधी नको, आणि शक्यतो जिथे पुढचे उपचार होणार तिथेच करा.

एएफपी नावाची रक्ततपासणी सांगतील. ती ४०० च्या वर असेल तर संशय बळावतो, नॉर्मल असेल तर काहीच सिद्ध होत नाही. दादाची नॉर्मल आली आणि आम्ही दोन महिने निवांत राहिलो. ती चूक आमचीच.

उपचारांचं थोडक्यात सांगतो, कारण सीटीशिवाय त्यात अंदाजबाजीच होते. एकच गाठ, लिव्हर धड, दाब नाही, तर कापून काढणं. जाळून मारणं, म्हणजे आरएफए किंवा मायक्रोवेव्ह, तीन सेंटिमीटरपर्यंत उत्तम चालतं, त्यापुढे खात्री कमी होत जाते. लिव्हर खराब पण गाठ एकच आणि पाच सेंटिमीटरच्या आत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीनच्या आत, तर ट्रान्सप्लांटचा विचार होतो. हे मिलानचे निकष, १९९६ पासून चालत आलेले. तुमचे ४.२ त्यात बसतात, हे ध्यानात ठेवा.

दादाच्या गाठी त्यापलीकडे गेल्या होत्या. त्याला दोनदा टेस केलं: जांघेतल्या धमनीतून नळी लिव्हरपर्यंत नेऊन औषध सोडतात आणि तो पंपच बुजवतात. नंतर चार दिवस ताप आणि दुखणं होतं, तेवढं सोसावं लागतं. पुढे सोराफेनिब, ही कॅन्सरची गोळी. हे औषध एके काळी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांचं होतं. २०१२ मध्ये भारताने पहिला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंट असूनही नॅटको या भारतीय कंपनीला ते बनवू दिलं, आणि त्यांची गोळी महिन्याला ८,८०० रुपयांत आली, म्हणून आमच्यासारख्यांना परवडली. तळपायाची सालं निघायची, कातळावरून चालणं बंद झालं. हल्ली अ‍ॅटिझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही इंजेक्शनांची जोडी बऱ्याच जणांना आधी देतात. त्याआधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघून घ्याव्या लागतात, नाहीतर रक्तस्राव होऊ शकतो.

घरच्या गोष्टी. कावीळ उतरवणारे गाठू नका, चुन्याच्या पाण्यात हात बुडवून पिवळं पाणी दाखवतील, आत काही होत नाही. काढे बंद. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. मात्र ताजे मासे आणि अंडी बंद करू नका. आम्ही दादाला महिनाभर पेजेवर ठेवलं आणि त्याच्या मांड्या वाळल्या. पोटात पाणी असेल तर खारवलेला सुका बांगडा आणि लोणचं तेवढं बाजूला.

बाबांची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची तपासणी) आणि हिपॅटायटिस सीची तपासणी झाली नसेल तर करा, सरकारी कार्यक्रमात ती मोफत आहे. बी निघाला तर तुम्ही भावंडांनीही करायची. माझा तसाच सापडला, दादामुळे. आता रोज एक गोळी आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

तुतारी एक्सप्रेसने जाणार असाल तर परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलसाठी दादरला उतरा, टाटाच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला पनवेलला. रेशनकार्ड, आधार आणि सीटीची सीडी बरोबर घ्या, नुसता कागद नको. महात्मा फुले योजनेचं काय होईल ते तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. चार आकडे आले की इथे टाका, बघू.